पश्चिमेची भिंत

लातूरला मुलींच्या एका वसतिगृहाच्या बाहेरच्या भिंतीचा तुकडा पडला, तेव्हा ज्योत्स्ना हनवते यांना फोन आला. ज्योत्स्नाबाई नांदेडला राहायच्या. तंत्रनिकेतनात बांधकाम शिकवून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. आता घरी बसायचं असं त्यांनी पक्कं ठरवलं होतं, पण ते काही जमत नव्हतं. कुठं स्लॅब गळायला लागला, कुठं गच्चीचा कठडा झुकला, की कुणीतरी जुना विद्यार्थी त्यांचा नंबर देऊन मोकळा व्हायचा. लोक बोलवायचे ते काहीतरी पडल्यावर. बांधायच्या आधी कुणी विचारायला आल्याचं त्यांना फारसं आठवत नव्हतं.

फोन केला होता वसतिगृहाच्या वॉर्डन वर्षाराणी यांनी. त्यांनी सांगितलं की, पश्चिमेच्या भिंतीवरच्या एका तख्त्याचा कोपरा वरच्या मजल्यावरून निसटला. पोळपाटाएवढा असेल. भर दुपारची वेळ, मुली कॉलेजला गेलेल्या. एका सायकलचं कॅरिअर चेपलं, बाकी कुणाला काही झालं नाही. हे सगळं त्या घाईघाईनं बोलल्या आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मॅडम, तुकड्याचं एक राहू द्या. आमचे अप्पा त्याच जागेवर खुर्ची टाकून बसलेत. सकाळी बसतात ते दिवस मावळेपर्यंत. उठा म्हणलं तर उठत न्हाईत. तुम्ही येऊन काहीतरी सांगा त्यांना."

ज्योत्स्नाबाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली. लोहा, अहमदपूर, चाकूर. मार्च संपत आला होता आणि खिडकीतून येणारा वारा आताच भाजत होता. गुडघ्यांना पट्टे बांधूनच त्या निघाल्या होत्या, कारण परांचीवर चढावं लागणार हे त्यांना माहीत होतं. वाटेत त्यांना दोनदा डुलकी लागली.

वसतिगृह गावाच्या कडेला होतं. तीन मजली, राखाडी, नीटस. बाहेरून विटा दिसत नव्हत्या की गिलावा दिसत नव्हता. सगळ्या अंगाला अंगठ्याएवढ्या जाडीचे मोठे तख्ते बसवलेले होते, सिमेंटचेच, पण आत काचेचे बारीक तंतू घातलेले. फायबर काँक्रीट म्हणतात त्याला. दिसायला दगडी फरशीसारखं, वजनाला तिच्यापुढं काहीच नाही.

पश्चिमेच्या अंगणात एका प्लास्टिकच्या खुर्चीवर मन्मथअप्पा बसले होते. पांढरं धोतर, पांढरा सदरा, कपाळावर विभूती, मांडीवर दुमडलेला पंचा. सत्तरीच्या आसपासचा, हडकुळा माणूस. ज्योत्स्नाबाईंनी नमस्कार केला तसे ते उठून उभे राहिले, त्यांच्यासाठी दुसरी खुर्ची मागवायला निघाले. बाईंनी वर पाहिलं. खुर्चीच्या बरोबर वर, तिसऱ्या मजल्यावर, तुटलेल्या तख्त्याची कड दिसत होती. शेजारच्या तख्त्यालाही कोपऱ्यातून एक भेग गेलेली होती.

"अप्पा, इथं काय करून राहिले तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"बसलोय," अप्पा म्हणाले. "पोरी इकडूनच जातात फाटकाकडं. मी बसलो की वळसा घालून जातात."

त्यासाठी दोरी बांधता आली असती, असं बाईंच्या मनात आलं. उन्हातून आल्या होत्या, आधी पाणी प्यायल्या.

ऑफिसात चहा घेताना वर्षाराणींनी अप्पांची हकीकत सांगितली. अप्पा औशाकडच्या एका खेड्यात शाळामास्तर होते. भूकंपाच्या पहाटे ते उकाड्यामुळं अंगणात बाज टाकून झोपले होते. बायको आणि लेक घरात होत्या. दगडमातीच्या रुंद भिंतींचं, वर मातीचं जड माळवद असलेलं घर होतं. अप्पांना खरचटलंसुद्धा नाही. पुढं त्यांनी लग्न केलं नाही. नोकरी केली, गावोगावच्या मुलींना लातुरात शिकायला ठेवलं, आणि निवृत्त झाल्यावर ओळखीच्या लोकांना, जुन्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन हे वसतिगृह उभं केलं. बांधताना त्यांची अट एकच होती. भिंतीला दगड नको, जड काही नको. इमारतीचा सांगाडा पक्का आणि अंग हलकं. कुणीतरी त्यांना हे तख्ते दाखवले, त्यांनी एक स्वतः उचलून पाहिला आणि तिथंच ठरवलं.

"आता म्हणतात, मीच पोरींच्या डोक्यावर हे टांगून ठेवलं," वर्षाराणी म्हणाल्या. "जेवतबी न्हाईत धड. भाची येऊन गेली देवणीहून, शिवकांता. तिचंबी ऐकलं न्हाई."

ज्योत्स्नाबाईंनी आधी तो पडलेला तुकडा मागवला. पेपरात गुंडाळून कपाटात ठेवलेला होता. त्यांनी तो बाहेर उजेडात नेला, पायरीच्या कडेवर धरून हातोडीनं आणखी मोडला. तुटलेल्या कडेतून तंतू बाहेर आले, चिवट, पांढरट, केसांच्या झुपक्यासारखे. बाईंना बरं वाटलं. साधी काच सिमेंटमध्ये टिकत नाही. सिमेंटचा क्षार तिला हळूहळू खातो, वरून तख्ता जसाच्या तसा दिसतो आणि आतून बिस्किटासारखा होतो. मग तो मोडला की कड साफ, तंतू कुठंच दिसत नाहीत. त्या क्षाराला पुरून उरणारी वेगळी काच असते, महाग असते, आणि इथं तीच वापरलेली दिसत होती. म्हणजे माल खोटा नव्हता. मग तो का तुटला?

परांची उभी व्हायला दोन-तीन दिवस गेले. बाई वर्षाराणींच्याच खोलीत राहिल्या. पश्चिमेच्या फाटकाला कुलूप लावून घेतलं, मुलींना मागच्या दारानं जा-ये करायला सांगितलं. आता रस्ता बंद आहे, कुणी जात नाही, तेव्हा तुम्ही बसायचं कारण नाही, असं त्या अप्पांना सांगून आल्या. अप्पांनी मान हलवली. आणि तिथंच बसून राहिले.

परांचीवर चढायला लागल्या तेव्हा त्यांच्यासोबत रविकांत होता. तख्ते बसवायचं काम त्यानंच केलं होतं. पस्तिशीचा, जाडजूड, घामेजलेला, बोलायला नरम. पहिल्या दिवसापासून त्याचं म्हणणं एकच होतं. तुटलेला कोपरा भरून देतो, भेगांमध्ये पुट्टी घालतो, वरून रंग मारतो, जूनमध्ये पोरी यायच्या आत सगळं नवं दिसेल. बाई एकेक पायरीवर थांबत चढल्या. हातोडीच्या लाकडी मुठीनं तख्त्यांवर ठोकत गेल्या, कान लावत गेल्या. बहुतेक ठिकाणी भरीव आवाज येत होता. पण भेगा जिथं होत्या तिथं एक गोष्ट सारखी होती. सगळ्या भेगा कोपऱ्यांतून, बोल्टांपासून निघालेल्या होत्या.

त्यांनी तुटलेल्या तख्त्यामागं टॉर्च मारला. तख्ता भिंतीला लोखंडी कोनांवर, म्हणजे अँगलवर, टांगलेला होता. कोनाला लांबट भोक होतं, बोल्टला त्यात थोडं सरकता यावं म्हणून. ते बरोबरच होतं. पण बोल्ट, चकती आणि कोन हे सगळं वेल्डिंग मारून एकजीव केलेलं होतं. वेल्डिंगच्या आगीनं लोखंडावरचा जस्ताचा थर जळून गेला होता आणि तिथून गंज फुगून बाहेर आला होता. शेजारच्या तख्त्याला तेच. त्याच्या शेजारच्यालाही.

बाई परांचीच्या फळीवर खाली बसल्या. गुडघे ठणकत होते. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते. हात ठेवला तर चटका बसेल इतकी. तख्ता उन्हात फुगतो, रात्री आक्रसतो, पावसात पाणी पिऊन पुन्हा थोडा वाढतो. केसाएवढंच, पण रोज. जागा असली तर सरकतो. जागा नसली तर सगळा जोर कोपऱ्यावर येतो आणि कोपरा फाटतो. चिवट माल होता म्हणून इतकी वर्षं टिकला.

"रविकांत, ड्रॉइंगमध्ये वेल्डिंग होतं का?" त्यांनी विचारलं.

तो म्हणाला, की नव्हतं. सैलच ठेवायचे होते, तसेच बसवले होते. खाली अप्पा खुर्चीवर बसलेले इथून दिसत होते, त्यांच्या डोक्यावरचा पंचा तेवढा. रविकांत त्यांच्याकडं बघतच हळू आवाजात सांगू लागला. भिंत पुरी झाली त्या उन्हाळ्यात एके दिवशी संध्याकाळी वावटळ सुटली होती. सैल तख्ते थोडे खडखडले. तसे ते वाजतातच. अप्पा तेव्हा अंगणात होते. ते आवाज ऐकून धावत आत गेले, कामावरच्या बाया-माणसांना दंडाला धरून बाहेर ओढायला लागले. वारा बसल्यावर त्यांनी रविकांतला बोलावलं. सगळे बोल्ट वेल्डिंग मारून पक्के कर म्हणाले. यातलं काहीसुद्धा हलता कामा नये. रविकांतनं एकदा सांगून पाहिलं, पण अप्पा तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, तेव्हा त्याला पुढं बोलवेना. काम पूर्ण करून दिलं.

"अप्पांना सांगू नका मॅडम," तो म्हणाला. "माझं चुकलं म्हणा. मी करून देतो सगळं, माझ्या खर्चानं. माझी बहीण इथंच राहून शिकली. त्यांना हे कळलं तर ते टिकायचे न्हाईत."

बाईंना त्याचं आधी नवल वाटलं आणि मग फार थकल्यासारखं झालं. इतकी वर्षं त्या लोकांना एकमेकांवर ढकलताना बघत आल्या होत्या. ठेकेदार सिमेंटवर ढकलतो, मालक ठेकेदारावर. हा दुसऱ्याचं आपल्या अंगावर घ्यायला निघाला होता, आणि त्याला नाही म्हणणं जास्त अवघड होतं.

खाली उतरल्यावर त्यांनी जेवण केलं आणि खोलीत पडून राहिल्या. सांगायचं नाही असं ठरवणं सोपं होतं. रविकांत तयार होता. अहवालात बसवण्यातला दोष एवढं लिहिलं तरी ते खोटं ठरत नव्हतं. शिवाय त्यांना आता घरी जायचं होतं. पण तख्ते पुन्हा टांगायचे तर सैलच टांगावे लागणार होते. दुसरा इलाजच नव्हता. वारा आला की ते पुन्हा वाजणार. आणि अप्पांना कारण माहीत नसलं तर ते पुन्हा कुणाला तरी बोलावून सगळं आवळून घेणार. तेव्हा मग खाली कोण असेल हे कुणी सांगावं.

ऊन कलल्यावर त्या अंगणात गेल्या. या वेळी खुर्ची स्वतःच उचलून नेली आणि अप्पांच्या शेजारी, त्याच भेगेखाली, ठेवून बसल्या. अप्पा एकदम अस्वस्थ झाले. म्हणाले, "इथं नका बसू बाई. तिकडं सावलीत बसू आपण."

"तुम्ही बसलात की."

"माझं निराळं हाय."

"निराळं काही नाही अप्पा. पडला तर दोघांच्याबी डोक्यात पडल."

अप्पा उठले. बाईंची खुर्ची त्यांनीच उचलली आणि दोघं कडुलिंबाखाली जाऊन बसले. अप्पांनी पंच्यानं तोंड पुसलं. काय निघालं म्हणून विचारलं. बाईंनी आधी मालाचं सांगितलं. तंतू चांगले आहेत, सिमेंट चांगलं आहे, तुम्ही निवडलं ते बरोबरच होतं. आपल्याकडचं ऊन सोसण्यासारखा माल आहे, भूकंपातही दगडी भिंतीपेक्षा हजार पटीनं बरा. अप्पा ऐकत होते, पण त्यांचं तोंड उजळलं नाही. मास्तर होते, पुढं काहीतरी आहे हे त्यांनी ओळखलं.

"मग पडला कशानं?"

बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. तख्त्याला उन्हात वाढायला आणि रात्री आक्रसायला जागा लागते. ती जागा ठेवली होती. वेल्डिंगनं बंद झाली. म्हणून कोपरे फाटले आणि गंज चढला.

फाटकाबाहेरून एक टमटम गेली. मागच्या दारानं मुली कॉलेजातून परतत होत्या, त्यांचे आवाज येत होते.

"वेल्डिंग मी मारायला लावलं," अप्पा म्हणाले.

"हाव. रविकांतनं सांगितलं. तो स्वतःवर घ्यायला निघाला होता. मीच म्हणलं, न्हाई."

"पोरगं चांगलं हाय ते," अप्पा म्हणाले. पुढं बोलले ते बाईंकडं न बघता. "त्या दिवशी आधी भांडी वाजली होती, बाई. उतरंडीवरची. मी जागा झालो, मला वाटलं मांजर असंल. कूस बदलली. मग भिंत आली. भांडी वाजली तवाच उठलो असतो तर..." ते तिथंच थांबले.

बाईंनी त्यांना समजावलं नाही. त्या बसून राहिल्या. थोड्या वेळानं अप्पांनीच विचारलं, आता काय करायचं. बाईंनी सांगितलं. पश्चिमेचे सगळे तख्ते उतरवायचे. जे फाटलेत ते टाकायचे, बाकीच्यांतून एक-दोन पट्ट्या कापून नांदेडच्या प्रयोगशाळेत वाकवून बघायच्या. चांगले निघाले तर तेच पुन्हा लावायचे, न गंजणाऱ्या बोल्टांवर, मध्ये रबराची चकती घालून, सैल. दक्षिणेचेही उघडून बघायचे. आणि दरवर्षी थंडीत एकदा कुणीतरी चढून तपासायचं.

"सैल म्हणजे वाजतील."

"रबरामुळं कमी वाजतील. पण वाजतील अप्पा. वारा आला की वाजतीलच. आणि ते वाजतात म्हणजे ठीक आहेत असं समजायचं."

"असं समजता येतं का?" अप्पांनी विचारलं.

बाई म्हणाल्या, "माहीत नाही."

त्या दिवसानंतर अप्पा खुर्ची घेऊन तिथं बसले नाहीत. वर्षाराणींना वाटलं, बाईंनी त्यांची समजूत घातली. बाईंनी ती समजूत तशीच राहू दिली.

एप्रिलभर काम चाललं. पश्चिमेची भिंत आतल्या हलक्या विटांपर्यंत उघडी पडली आणि तिच्यावर हिरवी जाळी टाकली. आतल्या खोल्या भट्टीसारख्या तापायला लागल्या. मुली गाद्या घेऊन जेवणघरात झोपू लागल्या, परीक्षा तोंडावर म्हणून कुरकुरू लागल्या. हे तख्ते नुसते शोभेचे नव्हते, उन्हाची धगही तेच अडवत होते, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. ज्योत्स्नाबाई दर आठवड्याला नांदेडहून येत. प्रयोगशाळेत पट्ट्या चिवट निघाल्या. वाकल्या, चरचरल्या, पण एकदम मोडल्या नाहीत. फाटलेले सोडून बाकी सगळे तख्ते परत लागले. रविकांतनं पैशाचा विषय काढलाच नाही. अप्पांनी विश्वस्तांना बोलावून वेल्डिंगची हकीकत स्वतःच्या तोंडानं सांगितली आणि खर्च संस्थेवर घेतला. सांगताना ते उभे होते आणि त्यांनी टेबलाला धरलं होतं, असं वर्षाराणी म्हणाल्या.

मेच्या शेवटी वळवाचा वारा सुटला त्या दिवशी बाई योगायोगानं तिथंच होत्या, शेवटची पाहणी करायला आलेल्या. परीक्षा उरलेल्या मुली अजून तिथंच होत्या. आधी धूळ उठली, मग कडुलिंब वाकला, आणि भिंत वाजायला लागली. मोठा आवाज नव्हता. दाराची कडी हलावी तसा, पण सगळ्या भिंतीभर. अप्पा व्हरांड्यात होते. त्यांनी खांबाला पाठ टेकली आणि डोळे मिटले. चेहरा राखेसारखा झाला होता. रविकांत त्यांच्याकडं निघाला, बाईंनी त्याला हातानं थांबवलं. मग त्यांनाच ते बघवेना आणि त्या स्वतः जाऊन अप्पांच्या शेजारी उभ्या राहिल्या. अप्पा डोळे न उघडता म्हणाले, "पोरी कुठं हायत?"

"आत. जेवायला बसल्यात."

"त्यांना बाहेर काढू का?"

"नको अप्पा."

अप्पांनी दोन्ही हात खांबामागं नेऊन एकमेकांत घट्ट गुंतवले. वारा चालू होता तोवर ते तसेच उभे राहिले. आत कुणीतरी ताट पाडलं आणि मुली हसल्या. पाऊस चार थेंबांवरच गेला.

पण ते अप्पांना पेलवण्यासारखं नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्यांनी वर्षाराणींच्या हाती किल्ल्या दिल्या आणि ते देवणीला भाचीकडं राहायला गेले. रुसून गेले नाहीत. मला तो आवाज सोसत नाही, आणि मी इथं राहिलो तर एखाद्या दिवशी पुन्हा काहीतरी आवळून घेईन, असं त्यांनी सरळ सांगितलं. कुणी आग्रह केला नाही. रविकांतच त्यांना गाडीनं सोडून आला.

जूनमध्ये वसतिगृह भरलं. पश्चिमेचं फाटक उघडलं. नव्या मुलींना भिंतीच्या आवाजाचं काही वाटत नव्हतं, त्यांना तो पहिल्यापासून तसाच ठाऊक होता.

ज्योत्स्नाबाईंना मध्येच हदगावहून बोलावणं आलं, एका शाळेच्या पाण्याच्या टाकीचं. तिथून परतताना बसमध्ये अप्पांचा फोन आला. ते फार बोलायचे नाहीत, पण त्या दिवशी बोलले. शिवकांताच्या घरी गाय व्यायली होती, रात्रभर सगळे गोठ्यात जागे होते, आणि कालवड पांढरी, कानाशी काळी झाली होती. तिकडं पाऊस बरा आहे म्हणाले. बाईंनी गुडघ्यांवर औषध काय घेतलं, तेही अप्पांनी विचारलं. वसतिगृहाचं नाव दोघांनीही काढलं नाही. शेवटी फोन ठेवता ठेवता बाई म्हणाल्या, की डिसेंबरात तपासणीला वर चढायचंय, तेव्हा या.

अप्पा म्हणाले, वारा नसंल तर येतो.